पिकलबॉलचा सराव

मुलांनो, १९६५ साली अमेरिकेतील बेनब्रिज बेटावर सुट्टीत काही मुले कंटाळली होती. बॅडमिंटनचे पूर्ण सामान सापडेना. म्हणून मोठ्यांनी टेबल टेनिसच्या बॅट आणि भोके असलेला प्लॅस्टिकचा चेंडू घेतला. त्यातून पिकलबॉल हा खेळ तयार झाला. पुढे त्यांनी प्लायवूडच्या बॅटही बनवल्या.

मैदान ४४ फूट लांब व २० फूट रुंद असते. सर्व्हिस खालून वर हात नेत, समोरच्या तिरप्या चौकोनात करतात. ती एक टप्पा पडल्यावरच परतवायची. परत आलेला चेंडू सर्व्हिस करणाऱ्यानेही टप्प्यानंतरच मारायचा. पुढे वरच्यावर मारता येतो.

जाळीलगतच्या ७ फुटांच्या पट्ट्याला ‘किचन’ म्हणतात. (तेथे काही शिजत नाही!) तेथे उभे राहून चेंडू वरच्यावर मारता येत नाही. टप्पा पडला असेल, तर खुशाल आत जा. नवे खेळाडू येथेच फसतात. ते बाहेरून चेंडू मारतात, पण झोकाने पाय आत पडतो. हीसुद्धा चूकच धरतात.

जाळी मध्यभागी ३४ इंच उंच असते. तेवढ्याच उंचीवर भिंतीवर खडूने रेघ ओढा. ७ फूट मागे उभे राहा. चेंडू रेघेच्या किंचित वर हळूच मारा, एक टप्पा पडू द्या, पुन्हा मारा. न चुकता किती वेळा जमते, ते मोजा. जोर लावण्याचा मोह होईल. पण या खेळात हळू मारणेच अवघड आहे. वीस वेळा जमले, की मित्राला बोलवा आणि दोघे किचनच्या रेघांमागे समोरासमोर उभे राहून हाच सराव करा.