लेकराचा घाम, आई-बापाची सही

आपल्या चाळीतली, वस्तीतली मुले-मुली आज कबड्डीत, कुस्तीत, धावण्यात नाव काढीत आहेत. उद्या त्यांच्यापैकी कुणाच्या दारात बूट बनविणाऱ्या कंपनीचा माणूस कराराचा कागद घेऊन उभा राहील. मूल अठरा वर्षांच्या आतले असेल, तर १८७२ च्या करार कायद्यानुसार त्याने स्वतः केलेला करार टिकत नाही. म्हणून सही मागितली जाईल ती आई-वडिलांची. त्या सहीने घर कसे उभे राहते आणि कसे हादरते, याचे दोन दाखले टेनिसमध्ये आहेत.

पहिला दाखला अमेरिकेचा. लॉस एंजेलिसजवळच्या कॉम्प्टन या गरीब वस्तीत रिचर्ड विल्यम्स आणि ओरासीन या कृष्णवर्णीय दांपत्याने व्हीनस आणि सेरेना या मुलींना सार्वजनिक मैदानावर टेनिस शिकविले. मुली गाजू लागल्या, तशी भोवती गर्दी जमली. पण १९९१ मध्ये वडिलांनी त्यांना लहान गटाच्या स्पर्धांतून चक्क काढून घेतले. व्हीनस १९९४ मध्ये, चौदाव्या वर्षी, व्यावसायिक खेळाडू झाली. १९९५ मध्ये रीबॉक कंपनीशी करार झाला. तो पाच वर्षांचा आणि १ कोटी २० लाख डॉलरचा असल्याचे वृत्तपत्रांनी छापले. एवढा पैसा दिसूनही त्या वर्षी ती मोजक्याच स्पर्धा खेळली. शाळाही सुटली नाही. रिचर्ड यांच्या फटकळ बोलण्यावर टीका पुष्कळ झाली; पण पैशाच्या मागे मुलींना फरफटत नेले नाही, हे मान्य करावेच लागेल.

दुसरा दाखला जर्मनीचा. स्टेफी ग्राफला वडील पीटर यांनी अगदी लहानपणी घरच्या बैठकीच्या खोलीतच रॅकेट धरायला शिकविले. पुढे तिचे करार, मानधन, कर, सारे त्यांच्याच हाती राहिले. १९९५ च्या ऑगस्टमध्ये करचुकवेगिरीवरून त्यांना अटक झाली. बाप तुरुंगात असताना लेकीने सप्टेंबरमध्ये अमेरिकन ओपन जिंकली आणि पत्रकारांपुढे तिला रडू आवरेना. १९९७ मध्ये पीटर यांना पावणेचार वर्षांची शिक्षा झाली. चौकशीचा ससेमिरा स्टेफीच्याही मागे लागला. पैशाचे सारे वडीलच पाहत, असे ती सांगे.

पालकहो, दोन्ही बाप मुलींवर जीव टाकणारेच होते. म्हणून नुसती माया पुरत नाही, हिशेबही लागतो. आपल्याकडे अल्पवयीन मुलाचे उत्पन्न एरवी आई किंवा वडिलांच्या उत्पन्नात धरतात. पण त्याने स्वतःच्या कौशल्यावर मिळविलेले उत्पन्न आयकर कायदा त्याचेच मानतो. कायद्याला जे कळते, ते आपल्याला का कळू नये?

तेव्हा मुलाच्या नावे वेगळे खाते उघडा. पॅन काढा. करार किती वर्षांचा, दुखापत झाल्यास काय, मध्येच मोडल्यास काय, हे जाणत्या वकिलाकडून मराठीत समजून घ्या आणि मगच सही करा. मुलालाही शेजारी बसवा. घरचा खर्च त्यातून भागवावा लागला, तर तो वहीत तारखेनिशी लिहा. लेक अठरा वर्षांची झाली, की ती वही आणि पासबुक तिच्या हाती द्या. त्या दिवशी तिच्या नजरेला नजर देता आली, की सही सार्थकी लागली असे समजा.