मुष्टियोद्धा पाण्यात उतरला

मुलांनो, आपल्या रामकुंडावर नाणी शोधायला बुड्या मारणारी पोरं तुम्ही पाहिली असतीलच. पाय कसे झपाझप मारतात! आता नुसत्या हातांनी पोहायचं म्हटलं तर? (करून पाहू नका हं! गोदामाई कुणाचं ऐकत नाही.)

सांगली जिल्ह्यातल्या पेठ इस्लामपूरचे मुरलीकांत पेटकर असेच पोहले आणि जगात पहिले आले.

पेटकर मूळचे बॉक्सर. जन्म १९४४ चा. लहान वयातच सैन्यात गेले, तिथं हातमोजे चढवले. १९६४ मध्ये टोकियोला सैनिकांच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेत ते भारतातर्फे लढले. पुढच्याच वर्षी पाकिस्तानशी युद्ध पेटलं. पेटकरांना गोळ्या लागल्या, एक तर पाठीच्या कण्यात रुतली. कमरेखालचं अंग लुळं पडलं. वय अवघं वीस! ठोसा हातानं मारतात खरा, पण त्याचं बळ पायांतून येतं. बॉक्सिंग संपलं.

मुंबईच्या नौदल रुग्णालयात उपचार झाले. व्यायाम म्हणून पोहणं सुरू झालं. पाण्यात शरीराचा भार हलका होतो, मग हातच वल्ही होतात. आणि हे तर बॉक्सरचे हात! १९६८ मध्ये ते तेल अवीवच्या पॅरालिम्पिकला टेबल टेनिस खेळले. परदेशी जायचं तर तिकिटाला पैसे हवेत. तिथं क्रिकेटपटू विजय मर्चंट यांची मदत झाली.

मग १९७२. जर्मनीतलं हायडेलबर्ग. ५० मीटर फ्रीस्टाईल, वेळ ३७.३३ सेकंद. विश्वविक्रम! पॅरालिम्पिकमधलं भारताचं हे पहिलं सुवर्णपदक. वर्गात हे सांगितलं तेव्हा एकानं विचारलं, ''३७ सेकंद म्हणजे किती हो, बाई?'' मी घड्याळ लावलं. सगळा वर्ग गप्प. चुळबुळ सुरू व्हायच्या आत वेळ संपलीसुद्धा.

पुढं पेटकरांनी पुण्यात टेल्कोमध्ये नोकरी केली. १९८२ मध्ये अर्जुन पुरस्कारासाठी अर्ज केला, तो नाकारला गेला. हे वाचून मला तर रागच आला. आपण कितीतरी खेळाडूंची नावं घडाघडा म्हणतो, त्यांत हे नाव कुठंच नव्हतं. २०१८ मध्ये पद्मश्री मिळाली. २०२४ मध्ये त्यांच्यावर 'चंदू चॅम्पियन' हा सिनेमा आला, तेव्हा कुठं आमच्या पोरांना ते ठाऊक झाले.

आणि तो अर्जुन पुरस्कार? जानेवारी २०२५ मध्ये राष्ट्रपती भवनात त्यांना तो मिळाला. तेव्हा पेटकर ८० वर्षांचे होते.