वाफेच्या इंजिनांचे जतन आणि महाविद्यालयीन तरुण : नागपूर परिसराच्या संदर्भात एक विचार

प्रस्तावना

नागपूर जिल्ह्याच्या सावनेर तालुक्यात, कन्हान नदीच्या काठी वसलेले खापा हे गाव कोष्ट्यांच्या मागांसाठी आणि जवळच्या गुमगाव येथील मँगनीजच्या खाणीसाठी परिचित आहे. याच तालुक्यातून नागपूर-छिंदवाडा हा नॅरोगेज लोहमार्ग जात असे. इतवारीहून निघालेली ही 'छोटी लाईन' खापरखेडा, पाटणसावंगी, सावनेर, केळवद, सौंसर असा प्रवास करीत सातपुड्याचा घाट चढून छिंदवाड्यास पोहोचे. २०१५ च्या अखेरीस हा मार्ग रुंदीकरणासाठी बंद झाला आणि त्यानंतर टप्प्याटप्प्याने तेथे ब्रॉडगेज आली. आज पदवीच्या प्रथम वर्षाला असलेला विद्यार्थी त्या वेळी जेमतेम आठ-नऊ वर्षांचा होता. त्याने पाहिली असेल तर डिझेलवर चालणारी छोटी गाडी पाहिली. वाफेचे इंजिन त्याच्या जन्मापूर्वीच रुळांवरून उतरले होते.

ही साधी बाब आरंभीच नोंदविण्याचे कारण असे की, वाफेच्या इंजिनांच्या जतनासंबंधी आपल्याकडे जे काही बोलले व लिहिले जाते, ते बहुतांशी आठवणींच्या आधारावर उभे असते. मामाचा गाव, खिडकीतून डोळ्यात जाणारे कोळशाचे कण, दुरून ऐकू येणारी शिटी या गोष्टी पन्नाशी ओलांडलेल्या वाचकाला हेलावून सोडतात. वीस वर्षांच्या तरुणाला त्या परक्या आहेत. जी वस्तू आपण कधी अनुभवलीच नाही, तिच्याविषयी हुरहूर वाटावी अशी अपेक्षा त्याच्याकडून करणे अन्यायाचे होय. मग त्याला या कार्यात कशाच्या बळावर सामील करून घ्यावे, या प्रश्नाचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे. प्रस्तुत लेखकाच्या मते त्याचे उत्तर कौशल्यात आहे. तरुणाला इंजिन दाखवून तो थांबत नाही. इंजिनाचे काम त्याच्या हाती दिले तर थांबतो.

इंजिन आणि त्यामागील ज्ञान

भारतीय रेल्वेच्या ब्रॉडगेजवरील वाफेची नियमित वाहतूक डिसेंबर १९९५ मध्ये संपली. चित्तरंजन येथील कारखान्यातून 'अंतिम सितारा' हे ब्रॉडगेजचे अखेरचे वाफेचे इंजिन १९७० मध्येच बाहेर पडले होते. विदर्भापुरते पाहावयाचे तर यवतमाळ-मूर्तिजापूर-अचलपूर या 'शकुंतला' गाडीचे उदाहरण सर्वांना ठाऊक आहे. १९२१ मध्ये मँचेस्टर येथे बांधलेले तिचे इंजिन सत्तर वर्षांहून अधिक काळ सेवेत राहिले आणि १९९४ मध्ये त्याची जागा डिझेलने घेतली.

एखादे यंत्र सत्तर वर्षे चालते, याचे श्रेय केवळ पोलादाला देता येत नाही. वाफेचे इंजिन हे चालविणाऱ्याच्या हातावर विलक्षण अवलंबून असणारे यंत्र आहे. थंड बाष्पित्रात वाफ धरावयास कित्येक तास लागतात. घाई करून मोठी आग केली तर पत्रे असमान तापतात, असमान प्रसरण पावतात आणि त्यांना जोडणाऱ्या खिळ्यांवर ताण येऊन गळती सुरू होते. जाळीवर कोळसा कोठे पातळ व कोठे जाड पसरावा, हे कोळशाच्या जातीवर ठरते. आपल्याकडील कोळशात राखेचे प्रमाण अधिक असल्याने ती वितळून जाळीवर 'क्लिंकर' धरते आणि हवेची वाट बंद होते. फायरमनने धुराच्या रंगावरून आणि इंजिनाच्या फुसफुसण्याच्या आवाजावरून ते ओळखावयाचे असते.

पाण्याचे प्रकरण तर याहून नाजूक. आगपेटीच्या छतावर पाण्याचा थर सदैव राहिलाच पाहिजे. काचनळीतील पातळी खाली गेली आणि ते छत उघडे पडले की प्रथम 'लेड प्लग' वितळतो व वाफ आगीवर येऊन धोक्याची सूचना देते. तिकडेही दुर्लक्ष झाले तर स्फोट अटळ असतो. काचनळीत दिसते ते पाणी खरे की नळी चोंदल्यामुळे दिसणारे खोटे, हे दर थोड्या वेळाने ती फुंकून तपासावे लागते. बाष्पित्रात पाणी ढकलणारा 'इंजेक्टर' हा पदार्थविज्ञानाच्या प्राध्यापकांनी वर्गात अवश्य चर्चेस घ्यावा असा विषय आहे. कारण ज्या बाष्पित्राची वाफ तो घेतो, त्याच बाष्पित्रात त्याच दाबाविरुद्ध तो पाणी शिरवितो. तो गरम झाला की चालत नाही. अशा वेळी त्यावर ओले फडके टाकून त्याला थंड करणे हा उपाय फायरमनच्या पोतडीतला. अशा गोष्टी एका पिढीने दुसरीला इंजिनाच्या पायऱ्यांवर उभे राहून दिल्या.

हे देणे-घेणे ज्या शिडीवरून होत असे, तिची रचना पाहण्यासारखी आहे. तरुण मुलगा लोको शेडमध्ये इंजिन पुसणारा खलाशी म्हणून लागे. पुसता पुसता त्याला प्रत्येक सांधा व प्रत्येक तेलाचे भोक माहीत होई. पुढे तो फायरमन, मग शंटर आणि अनेक वर्षांनी ड्रायव्हर होई. म्हणजे १९९५ मध्ये पंचेचाळीस वर्षांचा असलेला ड्रायव्हर आज पंचाहत्तरीत आहे. त्या वर्षी विशीत असलेला खलाशी आज पन्नाशीत भेटेल, परंतु त्याला शिडीच्या पहिल्या पायरीवरचेच काम माहीत असेल. ज्यांना संपूर्ण इंजिन अवगत होते ती माणसे दरवर्षी कमी होत आहेत. इंजिनाचा सांगाडा आणखी पन्नास वर्षे टिकेल. ज्ञानाच्या बाबतीत आपल्या हाती फार तर एक दशक उरले आहे.

स्थिर जतनाची मर्यादा

नागपूरला या बाबतीत सुदैवी म्हटले पाहिजे. मोतीबाग येथे डिसेंबर २००२ मध्ये नॅरोगेज रेल्वे संग्रहालय सुरू झाले. बंगाल-नागपूर रेल्वेच्या वारशातील इंजिने, डबे व अवजारे तेथे पाहावयास मिळतात. खाप्याहून हे अंतर तीस-पस्तीस किलोमीटरांचे, म्हणजे एका दिवसाच्या सहलीचे आहे. परंतु सहल करून परतलेल्या विद्यार्थ्यापाशी काय उरते, असे विचारले तर बहुधा छायाचित्रेच उरतात.

चौथऱ्यावर उभे केलेले इंजिन सुरक्षित असते, असा एक समज आहे. प्रत्यक्षात ते आतून झिजत असते. धूरपेटीच्या तळाशी उरलेली राख ओलावा धरते आणि त्यातील गंधकाच्या अंशामुळे पत्रा कुरतडला जातो. बाष्पित्रावरील आवरणाखाली पावसाचे पाणी झिरपून महिनोन्महिने साठते. बाहेरून दरवर्षी काळा रंग लावला जातो, बफरवर लाल पट्टा ओढला जातो, आणि त्या चकचकीत रंगाआड गंज आपले काम करीत राहतो. विदर्भाचा कोरडा उन्हाळा थोडा दिलासा देतो इतकेच. धूरपेटी साफ ठेवणे, चिमणीवर झाकण घालणे, फिरत्या भागांना वंगण देणे आणि शक्य तेव्हा चाके थोडी फिरविणे ही कामे कमी खर्चाची आहेत. त्यांना सातत्याने येणारे हात मात्र लागतात.

इतरत्रचा अनुभव

वेल्समधील टॅलिलिन हा छोटा लोहमार्ग बंद पडण्याच्या बेतात असताना १९५१ मध्ये स्वयंसेवकांनी चालवावयास घेतला. जगातील या प्रकारचा तो पहिला प्रयोग होय. पुढे ब्रिटनमध्ये असे अनेक मार्ग उभे राहिले. त्या देशालाही आज तरुणांच्या प्रश्नाने ग्रासले आहे. पहिल्या पिढीचे स्वयंसेवक वृद्ध झाले आणि नवे येण्याच्या वाटेत कायदाच आडवा आला. शाळकरी वयाच्या मुलांना औद्योगिक कामावर ठेवण्यास मनाई करणारा १९२० चा कायदा विनावेतन कामालाही लागू होतो काय, या शंकेने तेथील संस्था अनेक वर्षे चाचपडत राहिल्या. मुलांच्या संरक्षणासाठी केलेला कायदा त्यांच्या शिक्षणाच्या आड यावा, ही विसंगती लक्षात घेण्याजोगी आहे.

ब्रिटनचाच दुसरा दाखला अधिक बोलका आहे. 'टॉर्नेडो' हे संपूर्णपणे नवे वाफेचे इंजिन हौशी मंडळींनी वर्गणी गोळा करून २००८ मध्ये पूर्ण केले. परंतु त्याचे बाष्पित्र जर्मनीतील माइनिंगन येथून करून आणावे लागले. ज्या देशाने जगाला आगगाडी दिली, त्याला त्या आकाराच्या बाष्पित्रासाठी परदेशी जावे लागले. याउलट आपल्या निलगिरी मार्गावर वाफेची परंपरा अखंड राहिल्यामुळे तिरुचिरापल्लीजवळील गोल्डन रॉक कार्यशाळेने २०११ नंतरच्या काळात त्या मार्गासाठी नवी वाफेची इंजिने बांधली. काम चालू राहिले तेथे विद्या टिकली. वारसा म्हणून मिळणाऱ्या जागतिक मान्यतेपेक्षा, म्हणजे निलगिरीला २००५ मध्ये मिळालेल्या युनेस्कोच्या दर्जापेक्षाही, प्रस्तुत लेखकाला ही घटना मोलाची वाटते.

महाविद्यालयाची भूमिका

ग्रामीण महाविद्यालयाने इंजिन चालवावे, असे कोणी सुचविणार नाही. आपल्या मर्यादा स्पष्ट आहेत. इंजिने रेल्वेच्या मालकीची आहेत आणि परवानगीशिवाय एक बोल्टही हलविता येत नाही. वाफ धरण्याचा प्रश्न आला तर बाष्पित्रांचा कायदा (१९२३ चा जुना कायदा जाऊन आता २०२५ चा नवा आला आहे), तपासणी आणि प्रमाणित चालक या गोष्टी आल्याच. याखेरीज एका धोक्याचा उल्लेख करणे कर्तव्य ठरते. जुन्या बाष्पित्रांच्या आवरणाखाली ॲस्बेस्टॉस आणि जुन्या रंगात शिसे असू शकते. उत्साहाच्या भरात विद्यार्थ्यांना पत्रे उचकटावयास किंवा रंग खरवडावयास लावणे म्हणजे त्यांच्या फुप्फुसांशी खेळणे आहे. कनिष्ठ महाविद्यालयातील अठरा वर्षांखालील विद्यार्थ्यांना तर अशा कामापासून पूर्णतः दूर ठेवावे.

या मर्यादा मान्य करूनही बरेच काम उरते, आणि त्यासाठी लागणारी चौकट आपल्यापाशी तयार आहे. राष्ट्रीय सेवा योजनेच्या स्वयंसेवकाने वर्षाला १२० तास काम करणे अपेक्षित असते. नव्या शैक्षणिक धोरणानुसार महाराष्ट्रात लागू झालेल्या अभ्यासक्रम रचनेत क्षेत्र प्रकल्प, समाजसहभाग आणि कार्यांतर्गत प्रशिक्षण यांना श्रेयांक आहेत. हे प्रकल्प कशावर करावेत, या विवंचनेत अनेक विभाग असतात, आणि शेवटी ग्रंथालयातून उतरवून काढलेल्या अहवालांचे गठ्ठे कपाटात जातात. ही तक्रार आपण सर्वच शिक्षककक्षात करीत आलो आहोत.

सर्वाधिक निकडीचे काम मौखिक इतिहासाचे आहे. निवृत्त फायरमन, ड्रायव्हर, फिटर, बॉयलरमेकर यांच्या मुलाखती ध्वनिमुद्रित कराव्यात. येथे एक पथ्य पाळणे अगत्याचे वाटते. 'तुमच्या काळी कसे होते' असा प्रश्न विचारला की आठवणींचा पाट वाहतो, पण काम हाती लागत नाही. त्याऐवजी 'रात्री दोनला गाडी काढावयाची असेल तर आग कधी पेटवीत होता, प्रथम काय टाकीत होता, हात कोठे भाजत असे' असे विचारावे. शक्य असल्यास वृद्ध कर्मचाऱ्यास संग्रहालयातील इंजिनापाशी नेऊन तेथेच बोलते करावे. दांडा हाताशी आला की जिभेवर न आलेली गोष्ट हाताला आठवते.

मराठी विभागाला या मुलाखतींत निराळे घबाड मिळेल. नागपूरच्या शेडमधील भाषा ही मराठी, हिंदी, छत्तीसगढी आणि मोडके इंग्रजी यांच्या मिश्रणातून घडलेली होती. ती शुद्ध करून लिहिण्याचा मोह टाळावा. विश्वकोशातील 'दट्ट्या' आणि 'बाष्पित्र' हे शब्द आपण वापरू, परंतु फायरमन 'पिस्टन' आणि 'बायलर' म्हणत असेल तर नोंदीत तेच यावे. कर्मचाऱ्यांत कोण कोणत्या जातीचे, कोणत्या गावचे होते, शिडी सर्वांना सारखीच चढता येत होती काय, हे प्रश्न समाजशास्त्र विभागाने विचारावेत. त्यांची उत्तरे सुखद असतीलच असे नाही. वाणिज्य विभागाला मँगनीज आणि कोळशाच्या वाहतुकीचा हिशेब आहे. रसायनशास्त्राला कठीण पाण्यामुळे बाष्पित्रात धरणाऱ्या खपलीचा अभ्यास आहे. या विषयांचा येथे केवळ निर्देश करून थांबतो.

विद्यार्थिनींविषयी मात्र स्वतंत्रपणे लिहिले पाहिजे. वाफेच्या इंजिनाची पायरी आपल्याकडे पुरुषांचीच राहिली. साताऱ्याच्या सुरेखा यादव यांनी १९८० च्या दशकाच्या अखेरीस मध्य रेल्वेत सहायक चालक म्हणून प्रवेश केला आणि देशातील पहिल्या महिला रेल्वेचालक म्हणून नाव मिळविले, तेव्हा वाफेचे युग मावळतीला लागले होते. यंत्राचे काम मुलांना आणि लिहिण्याचे काम मुलींना, अशी वाटणी प्रकल्पात नकळत होते. मार्गदर्शक प्राध्यापकांनी पहिल्याच दिवशी ती मोडावी. तेलाचा डबा ज्याच्या-तिच्या हाती पाळीपाळीने द्यावा.

प्रमाणपत्रासाठी येणारे विद्यार्थी हा या योजनेतील खरा धोका आहे. चाळीस नावे नोंदली जातात आणि तिसऱ्या रविवारी सात उरतात. त्यावर हळहळण्याचे कारण नाही. जुन्या शेडमध्येही प्रत्येक खलाशी ड्रायव्हर होत नव्हता. सात जणांना दोन वर्षे एकाच इंजिनापाशी, एकाच वृद्ध कारागिराच्या हाताखाली ठेवता आले, तर मुलाखती, मोजमापे घेऊन काढलेली रेखाचित्रे आणि देखभालीची एक वही असा ऐवज हाती येऊ शकतो. त्याची एक प्रत संग्रहालयास आणि एक महाविद्यालयाच्या ग्रंथालयास द्यावी. कामाचा आरंभ दिवाळीच्या सुटीनंतर करणे सोयीचे, कारण पावसाळा संपलेला असतो, धूरपेटीत पाणी कोठून शिरले त्याचे ओघळ अद्याप दिसतात, आणि पंचाहत्तरीच्या माणसाला दुपारभर उघड्यावर बसता येईल इतपत ऊन कोवळे असते.