निर्यात झाली, पण नाती आली का?

मित्रहो, तत्त्वज्ञानाचा माणूस सेल्सफोर्सवर काय बोलणार, असं काहींच्या मनात येईल. पण प्रश्न आमच्याच घरचा आहे. दोन वस्तूंमध्ये नातं आहे म्हणजे नेमकं काय आहे?

समजा, एक संस्था शिष्यवृत्ती देते. सेल्सफोर्समध्ये तिचे तीन ऑब्जेक्ट आहेत: मार्गदर्शक, विद्यार्थी आणि हप्ता. विद्यार्थी मार्गदर्शकाशी 'लुकअप' नात्याने जोडलेला आहे. मार्गदर्शकाची नोंद पुसली, तर नेहमीच्या मांडणीत विद्यार्थ्याच्या नोंदीतली ती जागा फक्त रिकामी होते. विद्यार्थी राहतो. न्याय-वैशेषिक याला संयोग म्हणतील. टेबलावर पुस्तक आहे; टेबल हलवलं, पुस्तक आहेच.

हप्ता मात्र विद्यार्थ्याशी 'मास्टर-डिटेल' नात्याने बांधलेला आहे. विद्यार्थ्याची नोंद पुसली की हप्तेही जातात. उलट, एखादा हप्ता पुसला तर विद्यार्थ्याला काही होत नाही. हा समवाय. कापड उसवलं तरी धागे उरतात. धागेच गेले तर कापड कुठलं?

आता निर्यात करू. डेटा एक्स्पोर्टमधून प्रत्येक ऑब्जेक्टची वेगळी सीएसव्ही फाइल मिळते. हप्त्याच्या ओळीत विद्यार्थ्याचा आयडी असतो, विद्यार्थ्याच्या ओळीत मार्गदर्शकाचा. मार्गदर्शकाच्या फाइलमध्ये मात्र विद्यार्थ्यांचा मागमूस नसतो. संयोग दोन्ही वस्तूंत राहतो असं वैशेषिक म्हणतात. इथे त्याची खूण एकाच बाजूला असते.

आणि खरी मेख पुढे आहे. त्या फाइलमध्ये लुकअप आणि मास्टर-डिटेल अगदी सारखेच दिसतात. दोन्हीकडे नुसता आयडीचा रकाना! नातं आहे एवढं कळतं, कोणतं आहे ते कळत नाही. नव्या प्रणालीत कुणी संयोगाच्या जागी समवाय मांडला, तर एका मार्गदर्शकाची नोंद पुसताना त्याचे सगळे विद्यार्थी जातील, आणि त्यांच्या पाठोपाठ हप्त्यांचा हिशेबही.

म्हणून तीन गोष्टी करा. एक, निर्यातीबरोबर नात्यांचा तक्ता लिहून ठेवा: कोण कुणाशी, कोणत्या नात्याने. स्कीमा बिल्डरमध्ये हे चित्र दिसतं. दोन, आयडी 18 अक्षरी घ्या. रिपोर्टमधला 15 अक्षरी आयडी लहान-मोठी इंग्रजी अक्षरं वेगळी मानतो, एक्सेलचं व्हीलुकअप मानत नाही. त्यामुळे एकाचे हप्ते दुसऱ्याच्या नावावर जाऊ शकतात. तीन, नव्या प्रणालीत नोंदींना नवे आयडी मिळतात. तेव्हा जुना आयडी वेगळ्या रकान्यात जपा, आणि आधी मार्गदर्शक, मग विद्यार्थी, शेवटी हप्ते भरा.

वस्तू फाइलमध्ये मावतात, मित्रहो. त्यांचं नातं कोणतं, हे मात्र माणसाला समजून लिहावं लागतं.