किशोर गट, पहिली फेरी

काट्यावर चढायच्या आधी पोरगा शर्ट काढतो, मग गळ्यातला ताईत काढून मित्राच्या हातात देतो. काट्याचे आकडे वरखाली होत चोपन्नच्या पुढे थांबतात. "बसला," टेबलामागचे गुरुजी म्हणतात आणि यादीवर खूण करतात. पोरगा खाली उतरतो तो थेट पाण्याच्या पिंपाकडे धावतो. सकाळपासून त्याने पाणीसुद्धा मोजून प्यायलं आहे.

डिसेंबरातल्या एका शनिवारची दुपार आहे. अलिबागजवळच्या थळ गावात, एका मोकळ्या शेतात मैदान आखलंय. महिन्याभरापूर्वी इथे भात उभं होतं. आता शेताच्या एका कोपऱ्यात पेंढ्याची उडवी आहे. बाकी सगळं खणून, ढेकळं फोडून, माती चाळून, पाणी मारून आणि रोलर फिरवून सपाट केलंय. मंडळाच्या पोरांच्या हातांना अजून फोड दिसतात. फक्कीच्या रेषा ताज्या आहेत. मोठ्या माणसांच्या १३ बाय १० मीटरच्या मैदानापेक्षा हे मैदान लहान आहे, कारण आजचा पहिला दिवस किशोर गटाचा आहे: वय १६च्या आत, वजन ५५ किलोच्या आत.

वजनात न बसलेला एक पोरगा बांधावर जाऊन बसलाय. काटा ५६च्या वर गेला. त्याचे सर त्याच्या शेजारी बसून खांद्यावर हात ठेवतात, पण बोलत काही नाहीत. पोरगा मागच्या वर्षी ह्याच गटात चढाया करत होता. वर्षभरात उंची वाढली, आवाज फुटला, अंगात ताकद आली. किशोर गटात एका पोराच्या वाट्याला येऊन येऊन दोन हंगाम येतात, फार तर तीन. त्याआधी तो फार लहान असतो, त्यानंतर काटा त्याला पुढच्या गटात ढकलतो आणि तिथे वीस वर्षांपर्यंतचे गडी समोर उभे असतात.

हा हंगाम केवढा, तेही बघायला हवं. १५ जुलैला, कबड्डीमहर्षी बुवा साळवींच्या जन्मदिवशी, महाराष्ट्र कबड्डी दिन साजरा करतो. त्या दिवशी आमच्या किनाऱ्यावर मैदान आखायची सोय नसते. शेतात गुडघाभर पाणी, लावणी चाललेली, आणि मासेमारी ३१ जुलैपर्यंत बंद म्हणून होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या. ऑगस्टनंतर शाळांच्या स्पर्धा सुरू होतात, पण त्यातले निम्मे सामने पाऊस बघून पुढे जातात. ऑक्टोबरात भात पिवळं पडतं. दिवाळी होते, कापणी होते, मळणी होते, आणि मग कुठे गावोगाव जमीन मोकळी होते. फेब्रुवारीत दहावीची परीक्षा. ज्या शेतात पांढरा कांदा लावायचा ते तर त्याच्याही आधी अडकतं. उरतात दोन-अडीच महिने. कबड्डीचं माहेर म्हणून ज्या रायगडाचं नाव घेतात, त्या रायगडातल्या चौदा-पंधरा वर्षांच्या पोराच्या हाती एवढाच काळ असतो.

पाच वाजता पहिला सामना असं पत्रकात छापलंय. साडेपाचला मैदानावर पाणी शिंपडतात. सहाला खांदेरी बेटाच्या मागे सूर्य टेकतो. सातला पाहुणे येतात, शाली आणि नारळ सुरू होतात. दोन्ही संघ मैदानाच्या कडेला ओळीने बसलेत. वजनासाठी उपाशी राहिलेल्या पोरांनी वजन झाल्यावर वडापाव खाल्ले, अंग गरम केलं, ते गार झालं, पुन्हा गरम केलं. आता दव पडायला लागलंय. उघड्या पायांच्या पोरांनी टाचा मांडीखाली घेतल्यात. पाहुण्यांना संघासंघांची ओळख करून दिली जाते, फोटो निघतात. मंडळाची पोरं स्वतः उपाशी आहेत, एकाने दोन रात्री झोप घेतलेली नाही, हे मला दिसतंय. त्यांच्या कष्टाबद्दल मनात आदरच आहे. पण साडेनऊ वाजलेत, आणि पोरं अजून बसलेली आहेत.

पहिला सामना थळ आणि पोयनाडच्या बाजूचा एक संघ. पाहुणा संघ दुपारी दोनला एका मिनीडोरमधून आलाय. बारा खेळाडू, सर आणि पाण्याची कळशी, सगळे त्यातच.

माझ्या शेजारी माशांच्या उलट्या क्रेटवर एक आजी बसल्यात. पदर डोक्यावरून घट्ट घेतलेला. पहाटे उठून त्यांना मासळी घेऊन अलिबागच्या बाजारात जायचंय, तरी त्या उठत नाहीत.

"माजा नातू खेलतंय," त्या बोट दाखवतात. "तो बग, तीन नंबर."

तीन नंबर थळचा डावा कोपरा आहे. मांड्या बारीक, पण पाय जमिनीत रोवल्यासारखे.

शिट्टी होते.

पाहुण्यांचा सात नंबर पहिल्या चढाईला येतो आणि मैदानावरचं सगळं दव विसरायला होतं. पोरगा एवढासा आहे की बनियनचा आकडा अर्धा चड्डीत गेलाय. तो मध्यरेषा ओलांडतो ते पळत नाही, चालत येतो. कबड्डी, कबड्डी, आवाज बारीक पण सलग. निदानरेषेवर पाय टाकतो, उजव्या कोपऱ्याकडे मान वळवतो, आणि डावा पाय बोनसरेषेच्या पलीकडे नेऊन मागचा पाय वर उचलतो. बोनस. थळच्या सातही जणांना काही कळायच्या आत तो परत गेलेला असतो. पुढच्या चढाईला हात फिरवून मध्यरक्षकाला टिपतो. त्याच्या पुढच्या चढाईला पुन्हा बोनस.

"आरं पाय बग त्याचा, पाय!" बांधावरून कुणीतरी ओरडतं. "अंगाकरं नको बगू!"

सल्ला अचूक आहे. ज्याने हा सल्ला दिला तो दहा-बारा वर्षांपूर्वी इथेच कोपऱ्याला खेळायचा, आता कंपनीत कंत्राटी कामाला आहे, पाळी संपवून तसाच आलाय. ह्या गावात प्रेक्षक आणि प्रशिक्षक वेगळे काढता येत नाहीत. लाऊडस्पीकरवरचा समालोचक मधेच सांगतो, पुढची पकड करणाऱ्याला अमुक एका काकांकडून शंभर रुपये. टाळ्या पडतात. सात नंबर तिकडे बघतही नाही.

मध्यंतराला गुण आहेत पाहुणे १५, थळ १२. पाच मिनिटांची विश्रांती. थळचे सर पोरांना गोल करून बसवतात. लिंबाच्या फोडी वाटल्या जातात. सर ओरडत नाहीत. मातीवर बोटाने सात टिंबं काढतात आणि दाखवतात, तो बोनसला पाय टाकतो तेव्हा त्याचा सगळा भार कुठल्या पायावर असतो. "तवाच जा," ते तीन नंबरला सांगतात. "आदी नाय, मंग नाय."

दुसऱ्या डावात खेळ बदलतो. थळची पोरं मागे सरकून खेळायला लागतात, बोनस देतात पण स्पर्श देत नाहीत. चढाईला त्यांचा नऊ नंबर पाहुण्यांचे दोघं एकदम टिपून आणतो. पाहुण्यांचे गडी कमी होत जातात: चार, तीन. तिघांत पाहुणे एक अव्वल पकड करतात, जास्तीचा गुण घेतात, मिनीडोरमधून आलेले बारा जण एखादा मोर्चा निघावा तसे ओरडतात. तरीही तीन मिनिटांनी लोण बसतोच. थळ एका गुणाने पुढे जातं.

शेवटचं मिनिट. २६–२५. दोन चढाया रिकाम्या गेल्यात, त्यामुळे पाहुण्यांची ही तिसरी, निर्णायक चढाई आहे. गुण आणायचा, नाहीतर बाद. सात नंबर येतो. थळचे पाच जण आहेत, म्हणजे बोनस नाही. स्पर्शच हवा. आजी उभ्या राहिल्यात.

तो उजव्या कोपऱ्याकडे जातो, झुलतो, मागे येतो. तीस सेकंदांतली वीस गेलेली असावीत. मग एकदम डाव्या कोपऱ्याकडे वळून तो हात लांब टाकतो. तीन नंबर मागे होत नाही. हात चुकवून तो खाली जातो आणि दोन्ही हातांनी घोटा धरतो. सात नंबर त्याला ओढत मध्यरेषेकडे जायला लागतो, एक फूट, दोन फूट, बोटं रेषेपासून वीतभर. "दम सोरू नको!" हे नेमकं कुणासाठी ओरडलं जातंय ते कळत नाही. बाकीचे चौघं वरून येतात. शिट्टी.

२७–२५. सामना संपतो.

आजी खाली बसतात आणि पदराने डोळे पुसतात. नातवाच्या गुडघ्याचं कातडं निघालंय, त्यावर कुणीतरी पाणी ओततंय. तो हसतोय. त्याचं हे हसू त्याच्या कष्टाचं आहे.

मी मैदानाच्या दुसऱ्या बाजूला जातो. सात नंबर पाय पसरून बसलाय. त्याचे सर घोटा दाबून बघतायत. रडत नाही तो. फक्त विचारतो, "सर, पुढचा सामना कुठाय आपला?"

सरांकडे उत्तर नाही. स्पर्धा बाद पद्धतीची आहे. पुढची स्पर्धा कुठल्या गावात, किशोर गट ठेवतात की नाही, तिथेही पहिल्या फेरीत कोण समोर येतं, काहीच ठरलेलं नाही. इतके बोनस घेणारा, अख्ख्या मैदानाला उठवून बसवणारा पोरगा पस्तीस मिनिटं खेळला. पंधरा, पाच आणि पंधरा. त्यातली पाच मिनिटं तो बसून होता. रात्री सव्वादहाला तो पुन्हा मिनीडोरमध्ये बसतो.

इथे हिशोब मांडायलाच हवा. १६ संघांच्या बाद स्पर्धेत १५ सामने होतात आणि ८ संघ एकच सामना खेळून घरी जातात. निम्मी पोरं. ती कच्ची असतात असंही नाही. चिठ्ठी कुणाच्या समोर निघाली यावर बरंच ठरतं. राज्य अजिंक्यपद स्पर्धेत आधी गटवार साखळी होते, मग बाद फेरी. प्रो कबड्डीत २०२४च्या हंगामात बारा संघ होते आणि प्रत्येकाला २२ साखळी सामने मिळाले. म्हणजे जो तयार झालाय त्याला सामने भरपूर, आणि जो तयार व्हायचाय त्याला एक. दूर कॅनडात बर्फावरच्या हॉकीची ओंटारियो लीग आहे, १६ ते २० वयाच्या खेळाडूंची. तिथे एका हंगामात प्रत्येक संघ ६८ साखळी सामने खेळतो. त्यांच्याकडे बंदिस्त रिंगण आहे, पैसा आहे, ते आपल्याला जमणार नाही. पण त्यामागचा विचार पैशाचा नाही. हरलेल्या पोराला पुढच्या आठवड्यात पुन्हा उभं करायचं, एवढाच तो विचार आहे. सात नंबरला आज कळलं की समोर पाचच जण असताना डावा कोपरा कसा येतो. हे तो वापरणार कधी?

दुसरा सामना सुरू होतोय. पंच नाणं उडवतात. मातीवर पुन्हा पाणी शिंपडलंय आणि हॅलोजनच्या उजेडात ती काळी दिसते. पलीकडे खत कारखान्याचे दिवे, अलीकडे समुद्र. रात्री साडेबारापर्यंत किशोर गटाचे सामने चालणार आहेत. चौदा वर्षांचं पोर मध्यरात्री दवात, गार पडलेल्या स्नायूंनी पकड करणार. गुडघा, घोटा, खांदा, काहीही निखळू शकतं. डॉक्टर इथे नाही, बर्फाचा एक डबा आहे, तोही कोळीवाड्यातून आलेला.

थळच्या सरांशी बोलत मी बांधावर बसतो. साखळी घ्यायची म्हटली तर वेळ लागतो, ते म्हणतात, पैसा लागतो, दिव्यांचं भाडं लागतं. मग आम्ही दोघं मिळून कागदावर मांडतो. १६ संघ, चारचे चार गट. प्रत्येक संघाला गटात तीन सामने, एकूण २४. तीन रविवारांत वाटले तर दर रविवारी आठ. एका सामन्याला मैदान मोकळं होईपर्यंत पाऊण तास धरला, तर एकाच मैदानावर सकाळी आठ ते अकरा चार आणि दुपारी तीन ते सहा चार सामने बसतात. चौथ्या रविवारी दोन उपांत्य सामने आणि अंतिम. सगळं सूर्याच्या उजेडात. हॅलोजनचं भाडं नाही, मंडप मोठा नको, सत्कार हवे तर अंतिम सामन्यानंतर घ्या. दर रविवारी गाव वेगळं, म्हणजे एकाच मंडळावर भार नाही. बाद होणाऱ्या संघालाही तीन सामने मिळतात, आणि तीन सामन्यांत कुठल्याही पोराचा खरा खेळ दिसतो. वजन पहिल्याच दिवशी एकदा घ्यायचं, म्हणजे महिनाभर कुणी उपाशी राहणार नाही.

सर कागद घडी करून खिशात ठेवतात. "चार गावं तयार व्हायला हवीत," ते म्हणतात.

थळ, नवगाव, वरसोली, किहीम. चारही गावं एका बाजूची, चारही ठिकाणी माती चांगली आणि माती करणारे हात आहेत. एकत्र बसायची वेळ म्हणजे गणपती: मुंबईला गेलेला माणूसही तेव्हा घरी असतो, मंडळं बसतात, वर्गण्या ठरतात, वर्षाचे कार्यक्रम तिथेच आखले जातात. चारही गावांच्या मंडळांना माझी विनंती आहे: येत्या गणपतीत एकदा एकत्र बसा आणि दिवाळीनंतरचे चार रविवार किशोर गटाच्या साखळीसाठी लिहून ठेवा. पोयनाडच्या बाजूच्या त्या संघालाही बोलवा.