चित्रे चालू लागतात

अलिबागहून मुरूडकडे जाताना एका बाजूला समुद्र आणि दुसऱ्या बाजूला फणसाडचे जंगल लागते. या दोघांच्या मध्ये काशीद गाव आहे. ओहोटी लागली, की काशीदच्या किनाऱ्यावरची ओली वाळू पाटीसारखी गुळगुळीत होते. मुले तिच्यावर काठीने चित्रे काढतात. कोणी होडी काढते, कोणी खेकडा काढते, तर कोणी छोटा भीम. थोड्या वेळाने भरतीची लाट येते आणि सारे पुसून टाकते.

वाळूवरचा भीम जागचा हलत नाही. टीव्हीवरचा भीम मात्र पळतो, उड्या मारतो, लाडू खातो. तोही चित्रच आहे. मग तो चालतो कसा?

खरे म्हणजे तो चालतच नाही! पडद्यावर अनेक स्थिर चित्रे एकामागून एक येतात. प्रत्येक चित्र आधीच्या चित्राहून किंचित वेगळे असते. पहिल्या चित्रात पाय जमिनीवर, दुसऱ्यात थोडा वर, तिसऱ्यात आणखी वर. आपल्या देशात टीव्हीवर एका सेकंदात 25 चित्रे दाखवतात. इतक्या वेगाने आलेली चित्रे आपल्याला सुटी सुटी दिसत नाहीत. आपला मेंदू ती जोडून एक सलग हालचाल बनवतो. म्हणजे भीम पडद्यावर पळत नाही, तो पाहणाऱ्याच्या डोक्यात पळतो.

हे करून पाहणे सोपे आहे. जुन्या वहीच्या वीस पानांच्या कोपऱ्यांवर एक चेंडू काढा. प्रत्येक पानावर तो थोडा थोडा वर सरकवा. मग अंगठ्याने पाने भरभर सोडा. चेंडू उडेल. यालाच ॲनिमेशन म्हणतात. लहानथोर सगळे त्याला कार्टून म्हणतात.

आता थोडे गणित करू. एक भाग 11 मिनिटांचा आहे, असे समजा. 11 मिनिटे म्हणजे 660 सेकंद. 660 ला 25 ने गुणले, की 16,500 होतात. एकच चित्र दोनदा दाखवले, तरी 8,250 चित्रे लागतात. एका माणसाने ती काढायची ठरवली आणि रोज 20 चित्रे काढली, तर एका भागाला वर्षाहून अधिक काळ लागेल!

म्हणून टीव्हीसाठी काम करणारे काही युक्त्या वापरतात. पुढच्या वेळी कार्टून नीट पाहा. बोलणाऱ्याचे तोंड तेवढे हलते, बाकीचे शरीर तसेच राहते. पळताना तीच पावले पुन्हा पुन्हा येतात आणि मागची झाडे तेवढी सरकतात. तेच झाड, तेच घर पुन्हा येते. हॅना आणि बार्बेरा या अमेरिकन जोडीने 1957 मध्ये स्वतःची संस्था काढली आणि टीव्हीसाठी ही काटकसर भरपूर वापरली. त्याआधी त्यांनी टॉम आणि जेरीची कार्टूने चित्रपटगृहांसाठी केली होती. त्यांत हालचाल किती भरगच्च आहे, ते लगेच कळते. आता बहुतेक काम संगणकावर होते. तरीही आधी कोणीतरी विचार करून पात्र रेखाटावेच लागते.

आपल्याकडे हा खेळ फार जुना आहे. दादासाहेब फाळके यांनी 1913 मध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ हा चित्रपट आणला. त्याआधी त्यांनी एका कुंडीत वाटाणा पेरला. रोज ते त्याची थोडी थोडी चित्रे घेत राहिले. शेवटी ती सलग दाखवली, तेव्हा पाहता पाहता बी रुजले आणि वेल वाढला. तो छोटा चित्रपट पाहूनच त्यांना पैसे उसने मिळाले. पुढे त्यांनी आगकाड्या थोड्या थोड्या सरकवून त्यांचाही एक चित्रपट केला.

त्यानंतर 1956 मध्ये मुंबईच्या फिल्म्स डिव्हिजनमध्ये कार्टूनचा विभाग सुरू झाला. डिस्नेकडे काम केलेले क्लेअर वीक्स तरुणांना शिकवायला आले. शिकणाऱ्यांत राम मोहन नावाचे एक तरुण चित्रकार होते. त्यांची गोष्ट पुढे येईलच.

मुंबई दूरदर्शन केंद्र 2 ऑक्टोबर 1972 रोजी सुरू झाले. दोन वर्षांनी फिल्म्स डिव्हिजनने ‘एक, अनेक और एकता’ हा छोटा चित्रपट काढला. दिग्दर्शन विजया मुळे यांचे आणि चित्रे भीमसेन यांची. पारध्याच्या जाळ्यात सापडलेले पक्षी एकदम उडतात आणि जाळेच घेऊन जातात, अशी त्याची गोष्ट. त्यातले गाणे साधना सरगम यांनी गायले. कोकणातल्या दाभोळला जन्मलेली ही गायिका तेव्हा जेमतेम पाच वर्षांची होती. दूरदर्शनने हा चित्रपट इतक्या वेळा दाखवला, की आज पन्नाशीला आलेल्यांनाही तो आठवतो.

1993 मध्ये रविवारी सकाळी मोगली आला. ही मालिका मूळची जपानची, तिच्यातले जंगल भारतातले आणि मूळ पुस्तक लिहिणारे किपलिंग जन्माने मुंबईचे. काशीदच्या मुलांना जंगल पाहायला पडदा लागत नाही. 1986 पासून अभयारण्य असलेले फणसाड गावाच्या पाठीशीच आहे. तिथला शेकरू झाडावरून झाडावर उडी घेतो, तेव्हा त्याची पावले कोणी मोजून काढलेली नसतात.

आता राम मोहन यांच्याकडे वळू. 1990 नंतर युनिसेफ या संस्थेला दक्षिण आशियातल्या मुलींसाठी एक कार्टून हवे होते. अनेक घरांत मुलगा शाळेत जाई आणि मुलगी घरी राही. त्यावर भाषण कोण ऐकणार? म्हणून मीना जन्माला आली. मीना नऊ वर्षांची, राजू तिचा धाकटा भाऊ आणि मिठू त्यांचा पोपट. भारत, पाकिस्तान, बांगलादेश, नेपाळ, सगळीकडच्या मुलींना ती आपली वाटावी, म्हणून तिचे नाव आणि कपडे विचार करून निवडले. कोणत्याही एका देशाची खूण तिच्यावर ठेवली नाही. ही मालिका बांगला, हिंदी, नेपाळी आणि उर्दूतही झाली.

एका भागात मीनाला शाळेत जाऊ देत नाहीत. ती मिठूला शाळेच्या खिडकीशी पाठवते. मिठू पाढे ऐकून येतो आणि तिला शिकवतो. एक दिवस ती कोंबड्या मोजते, तर एक कमी! मोजता येते म्हणून चोरी कळते आणि चोर पकडला जातो. मग घरचे तिला शाळेत पाठवतात. दुसऱ्या भागात आंब्याचा मोठा वाटा राजूला मिळतो. मग एक दिवस दोघे आपापली कामे बदलतात. संध्याकाळपर्यंत राजू पार दमून जातो. आंबा कसा वाटायचा, हे मग त्याला सांगावे लागत नाही.

मला मीनाची गोष्ट इतर अनेक कार्टूनांपेक्षा मोठी वाटते. तिच्यात कोणाकडे जादूची शक्ती नाही. तिच्याकडे फक्त मोजणी आहे. राम मोहन यांना 2014 मध्ये पद्मश्री मिळाली आणि 2019 मध्ये ते वारले.

पण सगळीच कार्टूने मीनासारखी नसतात. तुमच्या घरात धाकटे भाऊ-बहीण असतील, तर पुढचे लक्ष देऊन वाचा. कार्टूनमधला बोका कड्यावरून पडतो, चपटा होतो आणि लगेच उठून पळतो. तुम्हाला ते खोटे आहे हे कळते. तीन वर्षांच्या मुलाला ते कळेलच असे नाही. मध्येच जाहिरात लागते, तीही त्याला गोष्टच वाटते. साधारण सात-आठ वर्षांपर्यंत मुलांना जाहिरातीचा हेतू नीट समजत नाही. म्हणून तर दुकानासमोर हट्ट सुरू होतो.

अगदी लहान मूल पडद्यावरून फार थोडे शिकते. समोरचे माणूस त्याला उत्तर देते, त्याच्याकडे पाहून हसते, ते पडद्याला जमत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मध्ये सांगितले, की एक वर्षाच्या आतल्या बाळाला पडदा दाखवूच नये आणि दोन ते चार वर्षांच्या मुलाला दिवसात एका तासाहून अधिक दाखवू नये. अम्मी स्वयंपाकात असताना बाळाच्या हाती मोबाइल देणे सोपे असते, हे खरे. पण त्याच्याशेजारी बसून ‘हा कोण? आता काय होईल?’ असे विचारले, तर तेच कार्टून त्याला काही शिकवून जाते. हे काम तुम्ही करू शकता.

डोळ्यांचीही काळजी हवी. 16 डिसेंबर 1997 रोजी जपानमध्ये एका कार्टूनमध्ये लाल-निळा प्रकाश झपाट्याने लुकलुकला आणि सहाशेहून अधिक मुलांना रुग्णालयात न्यावे लागले. त्यानंतर तिथे अशा दृश्यांसाठी नियम झाले. अंधाऱ्या खोलीत, पडद्याला नाक लावून पाहू नये, ते यासाठीच.

3 जून 2020 रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आले. झाडे आडवी झाली, विजेचे खांब मोडले आणि अनेक गावे कित्येक दिवस अंधारात राहिली. टीव्ही मुके झाले. अशा वेळी लहानग्यांना गोष्ट सांगायला दादी-नानीच लागते.

वाळूवरही कार्टून करता येते. घरातल्या मोठ्यांचा मोबाइल मागून घ्या आणि तो एका जागी पक्का टेकवा. ओल्या वाळूवर खेकडा काढा आणि फोटो घ्या. तो पुसा, एक बोट पुढे सरकवून पुन्हा काढा आणि पुन्हा फोटो घ्या. असे पन्नास फोटो झाले, की ते भरभर पुढे सरकवा. खेकडा चालू लागेल. पन्नास चित्रे काढायला बराच वेळ लागतो, म्हणून निघण्यापूर्वी भरती किती वाजता आहे, ते एखाद्या कोळीदादांना विचारून घ्या.