पॅच मर्ज झाल्यानंतर

इश्यूवर पैसे लागले की त्याखालच्या माणसांची वागणूकच बदलते. एका छोट्या मुक्तस्रोत लायब्ररीच्या मेंटेनरला मी सवडीने हातभार लावतो. आलेले इश्यू वाचायचे, तक्रारीतली चूक आपल्या मशीनवर घडते का बघायचं, दुबार तक्रारी बंद करायच्या, एवढंच. टाइमझोनमुळे तारीख एक दिवस मागे जाण्याचा एक इश्यू तिथे कधीचा पडून होता. एका कंपनीला तो नडला आणि तिने त्यावर बाउंटी, म्हणजे दुरुस्त करणाऱ्याला बक्षीस, लावली. संध्याकाळपर्यंत ‘मी करतो’ म्हणणाऱ्यांची रांग लागली. पाठोपाठ पीआर (पुल रिक्वेस्ट) आले, सगळे त्याच एका चुकीवर.

कोणी कोणाशी बोलत नव्हतं. एरवी अशा जागी लोक अर्धवट शोधही मांडतात: इथपर्यंत कळलं, पुढे अडलं. आता अर्धवट शोध सांगणं म्हणजे दुसऱ्याच्या हाती पैसे देणं. बहुतेक पॅच इश्यूत दिलेलं उदाहरण पास करण्यापुरते होते. एकात तर नेमक्या त्या टाइमझोनसाठी सरळ ‘इफ’ टाकला होता. मेंटेनरने सगळे वाचले, शेरे लिहिले, एक निवडला, जुन्या आवृत्त्यांवर चालवून पाहिला, चेंजलॉग लिहून रिलीज काढली. पैसे पॅचवाल्याला मिळाले. मेंटेनरच्या वाट्याला नाकारलेल्यांची नाराजी आली. पुढे त्याच दुरुस्तीतून घड्याळं तासभर पुढे करण्याच्या दिवशीची नवी चूक निघाली, तेव्हा बाउंटी जिंकणारा उत्तर द्यायला नव्हता. त्याचं तरी काय चुकलं? सौदा पॅचचा होता आणि तो त्याने पाळला.

खरं महागडं काम रिव्ह्यूचं. हार्टब्लीडचा दोष ओपनएसएसएल या एन्क्रिप्शन लायब्ररीत बाहेरून आलेल्या पॅचमधूनच शिरला होता. तपासणाऱ्याच्या नजरेतून लांबीची एक तपासणी निसटली, 2012 मध्ये 1.0.1 आवृत्ती बाहेर पडली आणि 2014 च्या एप्रिलपर्यंत तो दोष जगभरच्या सर्व्हरांवर राहिला. त्या काळात या प्रकल्पाला वर्षाला देणग्या मिळत साधारण 2,000 डॉलर. पॅच लिहायला माणसं मिळत होती. शांतपणे वाचत बसायला वेळ असलेला माणूस नव्हता.

दरमहाची स्पॉन्सरशिप हा वेळ विकत घेते. झिग भाषेचा कर्ता अँड्र्यू केली 2018 मध्ये नोकरी सोडून मासिक देणग्यांवर पूर्णवेळ काम करू लागला, 2020 मध्ये झिग सॉफ्टवेअर फाउंडेशन उभं राहिलं, आणि त्या फाउंडेशनच्या लोकांनी बाउंटीला उघड विरोध केला आहे. मला त्यांचं पटतं. ‘हे फीचर घेणार नाही’ असं म्हणायचेही पैसे मेंटेनरला मिळायला हवेत, आणि नकारावर बाउंटी कोण लावणार? सुरक्षेच्या दोषांसाठी बक्षीस योग्य, असं मी बरेच दिवस धरून चाललो होतो. पण 2019 पासून अशी बक्षिसं देणाऱ्या कर्ल या मुक्तस्रोत प्रकल्पाने ती योजना 2026 च्या जानेवारीअखेर गुंडाळली. एआयकडून लिहून घेतलेल्या पोकळ अहवालांचा ढीग वाचण्यातच कर्लचा कर्ता डॅनियल स्टेनबर्ग आणि त्याच्या साथीदारांचा वेळ जात होता.

दरमहाचा पैसाही न्यायाने वाटला जातो असं नाही. तो नाव दिसणाऱ्यांकडे जातो. 2021 च्या डिसेंबरात लॉगफोरजे या जावा लायब्ररीच्या दोषाने सगळ्यांची झोप उडवली, तेव्हा त्याच्या एका प्रमुख मेंटेनरला गिटहबवर तीन स्पॉन्सर होते.

पुण्याच्या आमच्या ऑफिसात मी ज्या लायब्ररीवर आमचं बिलिंग चालतं, तिला दरमहा पैसे द्यायचं सुचवलं. अकाउंट्सने विचारलं, “डिलिव्हरेबल काय?” बाउंटी असती तर त्यांनी लगेच पास केली असती, काम झालं, बिल आलं. शिवाय 2021 च्या ऑक्टोबरपासून रिझर्व्ह बँकेचे ई-मँडेटचे नियम लागू आहेत, त्यामुळे कार्डावरून परदेशात दरमहा आपोआप पैसे जाण्यात बँकेगणिक वेगळी अडचण. तोडगा कॅशियर मॅडमनी काढला. वर्षाची रक्कम एकदम भरायची आणि खातं ‘सॉफ्टवेअर सबस्क्रिप्शन’. मार्चमध्ये ऑडिटर विचारतीलच की लायसन्स-की कुठे आहे.